स्टेशनाची मागची बाजू

आत्यानं मॉडेलसमोर उभं राहून चष्मा पदराला पुसला, परत लावला आणि विचारलं, "आगं, पण आमचं घर कुठाय?"

पाच फूट लांब, दोन फूट रुंद प्लायवुड. त्यावर दीड वर्ष खपून मी बार्शी लाइट रेल्वेवरचं एक छोटं स्टेशन उभं केलं होतं. कुर्डुवाडी ते लातूर या वाटेवरचं. माझे आजोबा तिथं पॉइंट्समन होते आणि आत्याचं लहानपण तिथंच गेलं. काळ्या दगडाची इमारत, पन्हळी पत्र्याचं छप्पर, मुरमाचा फलाट, एक लिंब, बाजूला मालाची शेड. गाडी फिरत होती, दिवे लागत होते. आत्या बघून रडेल अशी माझी खात्री होती. मी मोबाइलचा कॅमेरासुद्धा चालू करून ठेवला होता. त्या व्हिडिओत आता फक्त तिचा प्रश्न आहे आणि त्यानंतरची माझी शांतता.

घर स्टेशनाच्या मागं होतं. माझ्या मॉडेलमध्ये स्टेशनाच्या मागं दीड इंच माती, चार बाभळी आणि मग निळा रंग दिलेला हार्डबोर्ड होता. म्हणजे आकाश.

ज्यांना ही लाइन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरला असं सिद्ध करायचं होतं की अडीच फुटी रुळांवरूनही भरपूर माल आणि माणसं नेता येतात, फक्त डबे नीट आखले पाहिजेत. त्यानं १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू केली. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळी लाइन रुंद झाली आणि अडीच फुटी रूळ उचलले गेले. आजोबांचं स्टेशनही त्यातच गेलं. जागेवर आता दुसरी इमारत आहे, जरा बाजूला सरकून.

याच कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडात स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची एक छोटी लाइन बांधली. १९०४ साली सुरू, १९३४ साली बंद. बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन बांधलेली ही रेल्वे तिथल्या नॅरोगेजवेड्यांची फार लाडकी आहे. मॉडेल रेल्वेचा नाद मला लागला तो तिच्यामुळे. एका रात्री तिच्या मॉडेलांचे फोटो बघत बसले होते आणि खाली बार्शीचा उल्लेख दिसला. म्हटलं, ही तर आपली गाडी.

मग गणित मांडलं. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. बार्शीचे रूळ ७६२ मिलिमीटर रुंद. भागिले ८७ केलं की पावणेनऊच्या आसपास येतं. आणि एन नावाच्या त्याहून लहान मापाचे तयार रूळ मिळतात ते नऊ मिलिमीटरचे! म्हणजे रूळ एका मापाचे घ्यायचे आणि घरं-माणसं दुसऱ्या मापाची करायची, की नॅरोगेज तयार. युरोपातले लोक वर्षानुवर्षं हेच करत आलेत. मला मात्र त्या रात्री मोठा शोध लागल्यासारखं वाटलं होतं.

अडचण लांबीची. स्टेशनाचं आवार समजा साडेतीनशे मीटर धरलं, तर मॉडेलमध्ये ते चार मीटर होतं. माझ्या फ्लॅटमध्ये चार मीटरची सलग भिंतच नाही. मग आवार आकसावं लागतं: इमारत मापातच ठेवायची, पण दोन इमारतींमधली मोकळी जागा गुपचूप कमी करायची. प्रत्येक मॉडेलवाला ही लबाडी करतो. काय आकसलं आणि काय गाळलं यावरून तो माणूस कळतो. माझ्यावरून मी कळले, पण ते आत्या आल्यावर.

*

रेल्वेच्या मॉडेलांचा इतिहास सहसा इंजिनांचा म्हणून सांगितला जातो. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीनं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर चालणारी खेळण्यातली गाडी मांडली, तिथून तो सुरू होतो. गाडीच्या भोवती काय असावं याची पहिली कितीतरी वर्षं कुणाला पर्वा नव्हती. छापील पत्र्याचं स्टेशन, तेही गाडीच्या मापाशी न जुळणारं. दार एवढं लहान की प्रवाशानं आत रांगत जावं. बाकी सगळा दिवाणखान्यातला गालिचा.

हे बदललं ते मोठ्या माणसांनी खेळणं हातात घेतल्यावर. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला फ्रँक एलिसन नावाचा गृहस्थ होता. त्यानं १९४४ साली 'मॉडेल रेलरोडर' मासिकात एक लेखमाला लिहिली. त्याचं म्हणणं असं की मॉडेल रेल्वे हे नाटक आहे: गाड्या म्हणजे नट, वेळापत्रक म्हणजे संहिता आणि भोवतालची गावं-डोंगर म्हणजे रंगमंच. नेपथ्याला पहिल्यांदाच कुणीतरी मान दिला. पण नाटकातलं नेपथ्य प्रेक्षकाच्या बाजूनंच रंगवतात. मागून बघितलं तर नुसत्या पट्ट्या आणि खिळे. हे वाक्य एलिसनचं नाही, माझं आहे, आणि उशिरा सुचलेलं आहे.

त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन अहर्न 'मॅडर व्हॅली' नावाची एक काल्पनिक दरी बांधत होता. त्याचं वेगळेपण हे की त्यानं गाडीइतकाच जीव गावात ओतला. पुढं त्यानं छोट्या इमारती आणि छोटे देखावे कसे करावेत यावर पुस्तकंही लिहिली. पुठ्ठा, कागद, लाकूड, जलरंग एवढ्याच सामानावर.

आणि मग जॉन ॲलन. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावचा फोटोग्राफर. घराच्या तळघरात त्यानं 'गोरे अँड डाफेटिड' नावाची रेल्वे बांधली. नाव इंग्रजीत भरभर उच्चारलं की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू येतं. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर. खोली मोठी दिसावी म्हणून मोक्याच्या जागी लपवलेले आरसे. इमारती नव्याकोऱ्या नाहीत, तर गंजलेल्या, पावसानं झिजलेल्या, धुरानं काळवंडलेल्या. आज मॉडेलला 'जुनं करणं' ही स्वतंत्र कला मानली जाते, तिचे धडे जगानं ॲलनच्या फोटोंवरून गिरवले. त्याच्या रेल्वेत शंटिंगला इंजिनाऐवजी एक डायनोसॉर होता. माणूस गमत्याही होता.

*

डोंगर कसे करायचे याचीही एक कथा आहे. पूर्वी खिडकीची लोखंडी जाळी वाकवून तिच्यावर प्लास्टर थापत. जड काम, आणि हात सोलून निघत. साठच्या दशकात 'मॉडेल रेलरोडर'चे संपादक लिन वेस्टकॉट यांनी सोपी रीत रूढ केली. खाली कागदाचे बोळे रचायचे. कागदी रुमाल पातळ प्लास्टरमध्ये बुचकळून त्यांच्यावर एकाआड एक पसरायचे. वाळलं की वर कडक कवच राहतं, आतला आधार काढून घेतला तरी चालतो. मग ओल्या पृष्ठभागावर रंगीत भुकटी चाळणीनं भुरभुरवायची.

हे वाचताना मी मोठ्यानं हसले. विटा आणि दगड रचायचे, पोतं चिखलाच्या रब्बडीत बुडवून त्यांच्यावर टाकायचं, सुरकुत्या पाडून कडे-कपारी करायच्या आणि वरून चाळलेली माती भुरभुरवायची. दर दिवाळीला महाराष्ट्रातलं प्रत्येक पोर हेच करतं. आम्ही वर अळीव पेरायचो. चार दिवसांत हिरवळ, आठव्या दिवशी जंगल, मावळे गुडघाभर गवतात. आमच्या वाड्यात किल्ला मुलांचा आणि चिखल कालवायचं काम मुलींचं, अशी वाटणी होती. त्यामुळं चिखलाची रब्बडी नेमकी किती पातळ हवी हे मला आजही माझ्या भावापेक्षा जास्त कळतं.

त्या काळात आम्हाला पुण्यातच एकदा भाऊ जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं, १९९८ साली लोकांसाठी खुलं झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. सगळी मुलं गाडीच्या मागं डोळे फिरवत होती. मला आठवतो तो अंधार झाल्यावर खिडक्यांमधून लागलेला पिवळा उजेड. आत कोण राहत असेल, असं मी बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, कुणी नाही, बल्ब आहे.

तर मी माझा देखावा दिवाळीच्या हातानं केला. पोत्याऐवजी मेडिकलमधून आणलेली प्लास्टरची बँडेजं, विटांऐवजी थर्माकोल. माती गावाकडून आणलेली, खरी, बार्शीकडची काळी. तिला तीनदा चाळलं आणि वरून लोहचुंबक फिरवलं. आपल्या काळ्या दगडाच्या मातीत चुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात; ते इंजिनाच्या मोटरमध्ये शिरले तर मोटर बसते. फेविकॉलमध्ये निम्म्याहून जास्त पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. तो थेंब नसेल तर गोंद मातीवर मण्यासारखा गोळा होऊन राहतो. वाळल्यावर माती होती त्यापेक्षा गडद झाली. खरी माती खोटी दिसायला लागली म्हणून तिच्यावर खोटा रंग मारून तिला खरी केली.

पन्हळी पत्र्यासाठी युक्ती लढवली. खऱ्या पत्र्याच्या एका लाटेपासून दुसरीपर्यंत तीन इंच धरले तर मॉडेलमध्ये ते एक मिलिमीटरही भरत नाही. पाच मिलिमीटरच्या साध्या बोल्टचे आटे ०.८ मिलिमीटर अंतरावर असतात. स्वयंपाकघरातली फॉइल रबराच्या तुकड्यावर ठेवली आणि आटे पाडलेली सळई तिच्यावरून दाबून फिरवली. बाभळीसाठी जळालेल्या मोटरची तांब्याची तार पिळून खोड केलं. सिरॅमिक टाइलच्या फटीत भरायची पावडर गोंदात कालवून त्यावर लावली, साल झाली. पानांनी मात्र रडवलं. बाजारात मिळणारी झाडं युरोपातली, गच्च, हिरवीगार. बाभळीच्या आरपार ऊन दिसलं पाहिजे.

*

आत्याच्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा जमवलेले सगळे फोटो पुन्हा काढून बसले. पंचाऐंशी होते. रेल्वेवेड्यांनी काढलेले, काही परदेशी, काही आपले, आणि खरंच सुंदर. एकूण एक फोटो रुळांच्या बाजूनं काढलेला. इंजिन, डबे, टपावर बसलेले लोक, फलाट, नावाची पाटी. इमारतीची पुढची भिंत. एकानंही मागं जाऊन कॅमेरा उघडलेला नव्हता. का उघडेल? गाडी तिकडून जात नव्हती.

लिहिणाऱ्याला अशा वेळी एक सोय असते. तो 'बहुधा' म्हणतो, 'असे दिसते' म्हणतो आणि पुढं जातो. मॉडेल करणाऱ्याच्या हातात ब्रश असतो आणि समोर भिंत. 'बहुधा' रंगाची डबी मिळत नाही. दार तरी आहे किंवा नाही, आणि ते उजवीकडं आहे की डावीकडं हे आत्ता ठरवायचं आहे.

या अडचणीशी आयुष्यभर झुंजलेला एक माणूस मला तेव्हा सापडला. रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, पण हा ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली तो विलायतेला आला, तिथल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ओढीनं. स्विंडनजवळच्या खेड्यांत राहायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की रेल्वे कुठं जात नाही, पण तिच्या आजूबाजूची खेडी डोळ्यांदेखत बदलतायत. गवताने शाकारलेल्या एका जुन्या घराचं छप्पर जाऊन तिथं ॲस्बेस्टॉस आलेलं त्यानं पाहिलं आणि ठरवलं, हे सगळं जायच्या आत मोजून ठेवायचं. त्यानं घरांचे फोटो घेतले, मापं घेतली आणि पुठ्ठ्यात, चार मिलिमीटरला एक फूट या मापानं, एकेक घर बांधायला घेतलं. एका घराला महिनेच्या महिने. शाकारणीसाठी प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो तसले धागे, एकेक जुडी करून लावलेले. बागेतल्या फुलांच्या पाकळ्यासुद्धा.

१९५४ साली ऑक्सफर्डशरमधल्या लाँग विटनम गावात त्यानं पेंडन म्युझियम सुरू केलं. ते आजही आहे. तिथं गाड्या धावतात, पण लोक घरं बघायला जातात. १९९५ साली तो गेला, तेव्हाही त्याची दरी पुरी झालेली नव्हती. नंतर इतर लोक ती बांधत राहिले. अहर्नची मॅडर व्हॅलीही त्याच्या पश्चात पेंडननंच सांभाळली.

जॉन ॲलनला ते भाग्य लाभलं नाही. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला आणि दहा दिवसांनी लागलेल्या आगीत त्याची रेल्वे गेली. पोचली ती त्यानं स्वतः काढलेल्या फोटोंतून. फोटोत नसलेला कोपरा आता कुणालाच सांगता येणार नाही. अर्थात ॲलनचं जग त्याच्याच डोक्यातलं होतं. तिथं दार डावीकडं का, असं विचारणारी आत्या नव्हती.

एक गोष्ट इथं सांगायचा मोह आवरत नाही. जर्मनीत, काळ्या अरण्यातल्या ग्यूटेनबाख गावात, फालर बंधूंनी १९४६ साली आपला धंदा सुरू केला. पुढं त्यांच्या छोट्या घरांच्या खोक्यांनी जगभरची टेबलं भरली. लाकडी चौकटीची घरं, चर्च, बाजारचौक. कुठं एक कौल फुटलेलं नाही. बॉम्बनं सपाट झालेल्या देशात बाप आणि मुलगा रात्री बसून अखंड गाव जोडतायत, हे चित्र मला सारखं दिसतं. ती घरं काढून तुमच्या मॉडेलमध्ये लावली तर गोड दिसतात. तरीही माझ्या मते रॉय इंग्लंडचं एक घर त्या सगळ्या खोक्यांना भारी आहे, कारण त्याला उत्तर द्यावं लागत होतं.

*

आत्याला पुढच्या रविवारी परत बोलावलं. पुठ्ठा, कात्री, पट्टी मधे ठेवली आणि म्हटलं, सांग.

मापं तिच्याकडं नव्हती. आजोबांची बाज होती. "बाज टाकली की भितीपातूर दोन पावलं उरायची." बाज सहा फूट, दोन लहान मुलीची पावलं म्हणजे तीन फूट. नऊ फूट. मॉडेलमध्ये साडेएकतीस मिलिमीटर. दारातून आजोबा वाकून जायचे, आजी सरळ. चौकट निघाली. आड स्टेशनकडं होता की बांधाकडं, यावर तिनं डोळे मिटून हातानं पोहरा ओढायचा अभिनय केला आणि म्हणाली, सकाळचं ऊन पाठीवर यायचं. म्हणजे आड पश्चिमेला तोंड करून. इंजिनाची राख टाकायची जागा तिनं बोटानं दाखवली. तिथून ती आणि तिच्या मैत्रिणी अर्धवट जळलेले कोळसे वेचून आणायच्या, चुलीसाठी. आषाढीला गाडी टपापर्यंत भरून यायची तेव्हा आजी आडाचं पाणी घागरीनं फलाटावर नेऊन ठेवायची. या पंचाऐंशी फोटोंपैकी निदान दोनात फलाटावर घागर आहे. मी ती कुणा प्रवाशाची समजत होते.

दाराचा रंग तिनं काळा सांगितला. वाळवी लागू नये म्हणून डांबर. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, निळा, रेल्वेचा निळा. बाबा तिच्याहून आठ वर्षांनी लहान. दोघांचं फोनवर भांडण लागलं. शेवटी मी खालचं वीतभर डांबर आणि वर निळा असं सुचवलं तर दोघंही माझ्यावर घसरले. दार काळं केलं. बाबा अजून ते मान्य करत नाहीत, आणि त्यांचं चूक आहे असं मी सिद्ध करू शकत नाही.

मालाच्या शेडची मागची भिंत मात्र दोघांनाही आठवेना. तिकडं मुलांना जायला बंदी होती. ती भिंत मी रंगवली नाही, पांढरा पुठ्ठा तसाच ठेवलाय. बघायला येणाऱ्यांपैकी प्रत्येक जण विचारतो, रंग संपला का?

आकाशाचा बोर्ड काढून टाकला. मागं चौदा इंच प्लायवुड वाढवलं आणि टेबल भिंतीपासून दूर ओढलं. खोलीत आता एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट आहे. मागच्या बाजूला दोन खोल्या, सारवलेलं अंगण, तुळस, आड, बाज. बाज माझ्या हातून पहिल्यांदा मोडली, दुसऱ्यांदा हरवली, तिसरी शिवणाच्या दोऱ्यानं विणली.

आत्या आली ती सरळ मागच्या बाजूला गेली. मी प्लॅस्टिकची खुर्ची दिली. तिथं बसलं की डोळे बरोब्बर अंगणाच्या उंचीला येतात. मी पलीकडं जाऊन गाडी सोडली. तिला काही दिसलं नसणार. मधे स्टेशनाची अख्खी इमारत. फक्त आवाज. मग लिंब आणि खोलीची भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीतून इंजिन गेलं, एक डबा गेला, दुसरा गेला आणि फट पुन्हा रिकामी झाली.

"एवढीच दिसायची," आत्या म्हणाली. "पुन्यांदा सोड."